झोपायचा हुकूम

प्रिय अनघा आणि मिहिर,

तुमच्या आजोबांच्या आजाराबद्दल मी आजवर जे लिहिलं ते सगळं इंग्रजीत लिहिलं, आणि ते सगळं सरकारकडे गेलं. अर्ज, स्मरणपत्रं, खुलासे. ते वाचून आजोबांची उंची, वजन आणि पलटणीतला नंबर कळेल, माणूस कळणार नाही. म्हणून हे मराठीत लिहिते आहे. अडेल तिथे बाबांना विचारा. बाबांनाही हे वाचायला द्या. तुमच्या आईने मागच्या पत्रात गमतीने लिहिलं होतं की बाबा टीव्हीसमोर बसल्या बसल्या झोपतात आणि शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं घोरतात. ती कदाचित गंमत नसेल.

आधीची गोष्ट

आजोबा लष्करात वायरलेसवर होते हे तुम्हाला माहीत आहे. मॅट्रिक होऊन भरती झाले. रजेवर घरी येत तेव्हा दिवसाही झोपत. जेवताना, वर्तमानपत्र वाचताना, पोस्टाच्या रांगेत उभ्या उभ्या. रात्री घोरणं असं की कौलं हलावीत. मग मध्येच ते घोरणं एकदम थांबे. थांबे म्हणजे काहीच नाही, श्वासही नाही. थोड्या वेळाने गुदमरल्यासारखा मोठा आवाज करून पुन्हा सुरू. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून बसले होते. पुढे सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हे मी कौतुकाने म्हणत नाही.

नोकरीत एकदा ते सेटवर असताना झोपले. पलीकडून संदेश येत राहिला, ह्यांनी घेतला नाही. कोणाचा जीव गेला नाही. पण शिक्षा झाली, कागदावर तांबड्या शाईत नोंद झाली आणि पुढची बढती कायमची अडली. हवालदार म्हणूनच निवृत्त झाले. घरात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी काढत नसे. अपवाद तुमच्या वसंतकाका-आजोबांचा. ते आजोबांचे धाकटे भाऊ, आमच्या कुंपणापलीकडेच राहतात, आणि मनात आलेलं तोंडातून जाऊ देण्यात त्यांनी कधी उशीर केला नाही.

"दादा उभ्याने झोपतो, घोड्यासारखा," ते पाहुण्यांना सांगत. "फौजेत त्याला तबेल्यात ठेवायला हवा होता."

आजोबा हसत. निवृत्तीनंतर मात्र गणवेशातला एकही फोटो त्यांनी भिंतीवर लावू दिला नाही. "कशाला," एवढंच म्हणत.

आऱ्याच्या रस्त्यावर

बाबा परदेशी गेल्यानंतरची गोष्ट. आजोबा किनाऱ्यालगतच्या आऱ्याला एका ओळखीच्या माणसाकडे मोपेडवरून निघाले होते. भर सकाळ, रस्ता कोरडा. गाडी रस्ता सोडून खाली वाळूत, सुरूच्या झाडांत गेली. कोपर आणि गुडघे सोलले, बाकी काही नाही. मासेमारी करणाऱ्या दोघा-तिघांनी उचलून आणलं. त्यांतल्या एकाने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "बाय, सकाळी सकाळी देऊ नका त्यांना प्यायला."

आजोबांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. मी त्या माणसाला तसं सांगितलं. त्याने मान डोलावली. विश्वास ठेवला असेल असं वाटत नाही.

आपल्या इथल्या डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, तो फार वाढलेला होता. हृदयाची शंका आली. त्यांनी मुंबईला मोठ्या इस्पितळात पाठवलं.

निदानाचा दिवस

तिथले डॉक्टर तरुण होते, परदेशात काही वर्षं राहून आलेले. त्यांनी आजोबांची मान मोजली. टेपने, शिंपी मोजतो तशी. मग आजोबांना सोडून माझ्याकडे वळले.

"ह्यांना रात्री काय होतं हे ह्यांना कसं माहीत असणार? तुम्ही सांगा."

मी सांगितलं.

"आवाज कसा येतो? काढून दाखवा."

मुलांनो, मी उमेदीची सगळी वर्षं शाळेतल्या मुलींना इंग्रजी व्याकरण शिकवण्यात घालवली. त्या दिवशी मी एका अनोळखी डॉक्टरासमोर, दोन शिकाऊ डॉक्टरांच्या देखत, घोरून दाखवलं. मध्ये थांबले. मग गुदमरल्याचाही आवाज काढला. आजोबा माझ्याकडे बघत राहिले.

"मी असा करतो?" त्यांनी विचारलं.

"ह्याहून वाईट," मी म्हटलं.

त्यांना रात्रभर ठेवून घेतलं, अंगाला तारा लावल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नाव सांगितलं: स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाची वाट मिटते, श्वास अडतो, आणि गुदमरून जागं झाल्याशिवाय ती उघडत नाही. जागं झाल्याचं त्या माणसाच्या लक्षातही राहत नाही. असं रात्रभर. म्हणजे तो रात्री झोपलेला दिसतो, पण झोपत नाही, आणि मग दिवसा कुठेही झोपतो.

डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून आहे?"

"फौजेत लागल्यापासून दोन-चार वर्षांत सुरू झालं," आजोबा म्हणाले. ते माझ्याकडे वळले. मग अगदी हळू, डॉक्टरांना नव्हे तर मला: "म्हणजे सेटवर मी आजारी होतो?"

हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढे जे काही आम्ही केलं ते ह्या एका प्रश्नासाठी केलं.

भीती आणि असोली सुपारी

उपाय तीन सांगितले. वजन उतरवा आणि कुशीवर झोपा. ते जमलं नाही तर गळ्याला भोक पाडून नळी बसवू. तिसरा उपाय नाकावर मुखवटा लावून हवा सोडणाऱ्या यंत्राचा. परदेशात ते नवीनच निघालं होतं, इथे मिळत नव्हतं.

गळ्याच्या भोकाची भीती आम्हा दोघांनाही सारखीच वाटली. परतीच्या एसटीत आजोबा सारखा गळ्याला हात लावत होते. त्या भीतीने त्यांचं जेवण कमी केलं, जे माझ्या सांगण्याने कधी झालं नव्हतं. रात्रीचा भात बंद केला, नाचणीची भाकरी सुरू केली, तळलेला बांगडा फक्त रविवारी. कुशीवर राहावं म्हणून त्यांच्या बनियनला पाठीवर मी खिसा शिवला आणि त्यात असोली सुपारी घातली. सालासकट वाळलेली, चांगली टणक. उताणे झाले की ती टोचे आणि ते पुन्हा वळत. वजन उतरलं, घोरणं निम्म्यावर आलं. नळी टळली. तुमच्या घरी असोली सुपारी मिळणार नाही, टेनिसचा चेंडू चालेल.

अर्ज

सैनिकाला नोकरीमुळे आजार जडला किंवा नोकरीमुळे वाढला असं ठरलं, तर अपंगत्वाची पेन्शन मिळते. निवृत्तीनंतर कळलेल्या आजारालाही ती मागता येते. मी माजी सैनिकांच्या कचेरीत चौकशी केली. तिथल्या कारकुनाने चष्म्यावरून बघितलं.

"बाई, पाय गेलेले येतात, डोळा गेलेले येतात. झोपेची पेन्शन मागायला तुम्हीच पहिल्या."

पण माणूस वाईट नव्हता. काय काय लागेल ते त्याने नीट समजावून दिलं.

वसंतकाकांना कळायचं ते कळलंच. "कुंभकर्णाला पेन्शन! दादा, माझ्यासाठी पण एक अर्ज टाक. मी पण दुपारचा झोपतो."

बाबांचा ट्रंक कॉल आला. "आई, पैशाची अडचण आहे का? मी पाठवतो. ह्या वयात कचेऱ्या कशाला?" मी सांगितलं, अडचण नाही. मग कशाला, हे त्याला फोनवर सांगता आलं नाही. ओरडून बोलावं लागे, आणि काही गोष्टी ओरडून सांगण्यासारख्या नसतात.

खरं भांडण घरातच झालं. आजार नोकरीतच होता हे दाखवायला सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे ती तांबड्या शाईतली नोंद. कामावर असताना झोप. मी म्हटलं, तीच अर्जाला जोडायची.

"ती मी जोडणार नाही," आजोबा म्हणाले. "जे झाकून ठेवलं ते स्वतःच्या हाताने त्यांना परत दाखवू?"

"त्यांच्याकडे ती आहेच."

"असू दे त्यांच्याकडे. मी पाठवणार नाही."

दोन आठवडे आम्ही कामापुरतं बोललो. मग एका सकाळी ते चहा पिता पिता म्हणाले, "सावर्ड्याला जाऊ या. दाऊदला विचारू. तो म्हणेल तसं करू."

दाऊदभाई

दाऊदभाई आजोबांच्या पलटणीतले, बराकीत शेजारच्या खाटेवर झोपणारे. आता सावर्ड्याच्या बाजारात त्यांचं दोरखंड, बादल्या, खिळे-मोळ्यांचं दुकान आहे. आम्हाला बघून त्यांनी गिऱ्हाईक सोडलं.

"भाभी, ह्याला घेऊन आलात? बसल्या जागी झोपला नाय अजून?"

मी काय झालं ते सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं. दाऊदभाई ऐकता ऐकता गंभीर झाले.

"म्हणजे तो आजार व्हता?" ते म्हणाले. "भाभी, हा घोरायला लागला की सगळी बराक शिव्या घालायची. पण घोरणं थांबलं ना, की मी घाबरायचो. घोरतोय तंवर जिता हाय. गप झाला की मी लाथ घालायचो, की मग श्वास घ्यायचा. किती वर्षं लाथा घातल्या मी ह्याला!"

"हे लिहून द्याल?"

"लाथा घातल्या म्हणून?"

"श्वास थांबायचा म्हणून."

"देतो की. आणि ती नोंद पण पाठव रे," ते आजोबांना म्हणाले. "त्या दिवशी तुझी पाळी, मी झोपलेला. सेटवर तुला लाथ घालायला कोण व्हता?"

आजोबांनी मान खाली घातली. येताना एसटीत म्हणाले, "जोड ती नोंद."

वॉर्ड

पुष्कळ महिन्यांनी पुण्याच्या लष्करी इस्पितळातून बोलावणं आलं. मेडिकल बोर्डापुढे हजर व्हायचं, आधी काही दिवस वॉर्डात देखरेखीखाली राहायचं. आम्ही एसटीने निघालो. पोफळीला गाडी थांबली तेव्हा आजोबांनी नळावर तोंड धुतलं, पुन्हा भांग पाडला. घाट चढायच्या आधीच ते हवालदार झाले होते.

मी पुण्यात माझ्या मावसबहिणीकडे उतरले आणि रोज सकाळी भेटायला जाई. वॉर्ड लांबलचक, स्वच्छ. खाटांच्या चादरी पट्टीने आखल्यासारख्या. सकाळी डॉक्टरांची फेरी येई. बोर्डाचे कर्नल विचारत, "कैसे हैं, हवालदार साहब?"

आजोबा खाटेशेजारी ताठ उभे. "ठीक हूँ, सर!"

"कोई तकलीफ?"

"कोई तकलीफ नहीं, सर!"

मी दाराशी उभी राहून हे ऐकलं. तकलीफ आहे हे सांगायला आम्ही घाट ओलांडून आलो होतो. पण अधिकाऱ्याने विचारल्यावर दुसरं उत्तर देणं त्यांना शिकवलेलंच नव्हतं. कर्नल बाहेर गेल्यावर मी विचारलं तेव्हा आजोबा म्हणाले, "अगो, साहेबाने विचारलं तर असंच म्हणतात."

दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. त्यांचे डोळे लाल दिसत होते. शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये घातलेला एक जवान होता. तो मला म्हणाला, "माँजी, बाबा रात को सोते नहीं. स्टूल पर बैठे रहते हैं. आँख लगती है तो उठकर मुँह धो आते हैं."

म्हणजे देखरेखीच्या कागदावर रोज लिहिलं जात होतं: घोरणे नाही, श्वास थांबणे नाही. बरोबरच होतं. झोपलेच नाहीत तर थांबणार काय?

मी आजोबांना विचारलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरं आजारी आहेत इथे. माझ्या आवाजाने त्यांची झोप जाईल." थोड्या वेळाने खरं कारण आलं. "फौजेच्या छपराखाली मला झोपायला होत नाही आता. कोणीतरी येऊन बघेल असं वाटतं."

"बघावं म्हणूनच तर आलो."

"कळतं मला. पण होत नाही."

हुकूम

वॉर्डच्या सिस्टर केरळच्या, हुद्द्याने कॅप्टन. लहानखुऱ्या, पण बूट वाजले की अख्खा वॉर्ड सरळ होई. मी त्यांना इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. मग आजोबांच्या खाटेपाशी गेल्या.

"हवालदार!"

आजोबा उभे राहिले.

"आज दोपहर खाने के बाद आपकी ड्यूटी है. साइड रूम में. ड्यूटी है सोना."

"सर?" आजोबा गडबडले. सिस्टरना सर म्हणाले.

"ऑर्डर है. जागते हुए पकड़े गए तो रिपोर्ट करूँगी."

प्लास्टरवाला जवान खो-खो हसला. आजोबा हसले नाहीत. त्यांनी हुकूम ऐकला होता. हुकूम म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं, मला ते दिसलं. झोपणं आता त्यांच्या हातात राहिलं नव्हतं.

जेवण झाल्यावर ते बाजूच्या खोलीत उताणे पडले, हात दोन्ही बाजूंना सरळ. पडता क्षणीच झोप लागली. सिस्टरनी कर्नलसाहेबांना बोलावून आणलं. मी भिंतीशी उभी. घोरणं सुरू झालं, वाढत गेलं, आणि थांबलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. छाती वर येऊ बघत होती, हवा आत जात नव्हती. सिस्टर पुढे सरकल्या. कर्नलसाहेबांनी हाताने त्यांना थांबवलं आणि स्वतःच्या घड्याळाकडे बघत राहिले. मग आजोबांनी तो गुदमरल्याचा आवाज काढला आणि श्वास आला. कर्नलसाहेब दचकले. पुन्हा घोरणं, पुन्हा थांबणं. ते बराच वेळ उभे होते.

बाहेर आल्यावर त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, "हे रोज असंच?"

"आता पुष्कळ कमी आहे," मी सांगितलं. "वजन उतरवलंय."

"आणि तुम्ही कशा झोपता?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. "मी ऐकत असते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी बोर्ड झालं. आजोबांनी तिथेही "ठीक हूँ, सर" म्हटलंच असणार.

निकाल

उत्तर यायला फार वेळ लागला. आलं तेव्हा मी ओटीवर उभी राहूनच वाचलं. आजार आहे, हे मान्य. तो नोकरीच्या काळातच सुरू झाला, हेही मान्य. पण तो शरीराच्या ठेवणीमुळे झाला. नोकरीमुळे जडला नाही, नोकरीमुळे वाढला नाही. सबब पेन्शन नाही.

मला राग आला. भरती करताना ह्याच सरकारने ठणठणीत म्हणून घेतलं होतं. आजार नोकरीत सुरू झाला हे स्वतः लिहितात, रात्रपाळ्यांनी तो वाढला नाही हेही स्वतःच ठरवतात. मी अपिलाचे मुद्दे मनात मांडू लागले होते, तेवढ्यात आजोबा म्हणाले, "सुरू कधी झाला म्हणतात?"

मी वर्ष वाचून दाखवलं.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. सेटवरच्या प्रकाराच्या आदल्या वर्षी, असा त्याचा अर्थ होता. त्यांनी कागद हातात घेतला. इंग्रजी त्यांना वाचता येत होतंच, पण त्या एका ओळीवर बोट ठेवून ते कितीतरी वेळ उभे राहिले. मग घडी घालून कागद मला परत दिला आणि झाडांना पाणी घालायला गेले.

कुंपणापलीकडून आवाज आला, "काय दादा, नाकारली ना?"

"हो रे, नाकारली!" आजोबा ओरडले. वसंतकाका कुंपणापाशी येऊन त्यांच्या तोंडाकडे बघू लागले. ज्याची पेन्शन नाकारली तो माणूस असा का दिसतो, हे त्यांना कळेना.

मी अपील केलं आहे. आजोबा म्हणाले, "तू कर गो, तुला इंग्रजी लिहायची हौस. मला हवं होतं ते आलं." अपिलाचं उत्तर अजून नाही. मिळालीच पाहिजे असं माझं मत आहे, आणि ते मी सोडलेलं नाही.

जे ह्या वाटेने जातील त्यांच्यासाठी दोन शब्द. घोरणाऱ्या माणसाला हसण्याआधी थोडा वेळ त्याच्या शेजारी बसा आणि ऐका. आणि डॉक्टरांनी विचारलं तर "ठीक आहे" म्हणू नका.

मेळावा

गेल्या हिवाळ्यात रत्नागिरीला माजी सैनिकांचा मेळावा होता. आजोबा अशा ठिकाणी कधी जात नसत. ह्या वेळी स्वतःहून निघाले, कोट घातला, मलाही बरोबर घेतलं. म्हातारे म्हणून आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. पुण्याहून आलेले एक निवृत्त साहेब भाषण करत होते. दुपारची वेळ, सभागृहात उकाडा, भाषण लांबलेलं. आजोबांची मान खाली गेली आणि मी कोपराने ढोसायच्या आत घोरणं सुरू झालं. ते ध्वनिक्षेपकावरूनही ऐकू आलं. साहेब बोलायचे थांबले. मागे हशा पिकला.

संयोजकांपैकी एकाने लगबगीने येऊन खांदा हलवला. "हवालदारसाहेब, झोपलात काय?"

आजोबा जागे झाले. मला वाटलं, आता ताडकन उभे राहतील, "सॉरी, सर" म्हणतील. ते उठले नाहीत. खुर्चीत नीट बसले, कोटाची बाही सारखी केली आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "झोपलो. आजार आहे मला. नोकरीत असतानाच लागला. बोर्डाने लिहून दिलंय."

मागून कोणीतरी विचारलं, "मग पेन्शन मिळाली काय?"

"नाही मिळाली," आजोबा म्हणाले, आणि व्यासपीठाकडे हात केला. "चालू द्या, साहेब."